उलट्या छापाचं स्वयंपाकघर

ओटर्सरोडे, ९ मार्च १९९७

एकहार्ट,

खुशाली विचारत नाही. तुझी खुशाली आम्हांला वर्तमानपत्रातून कळते. परवाच तुझ्या लिस्बनच्या प्रदर्शनाचा फोटो आला होता. पोट सुटलंय तुझं, आणि दाढी बाबांसारखी पांढरी झालीय. आईला मी दाढीचं सांगितलं, पोटाचं नाही.

काल नगराध्यक्ष टेट्झनर घरी आले. हातात फुलं, बरोबर नगरपालिकेतली एक तरुण बाई, आणि तिच्या हातात मोजपट्टी. फुलं बघून मला वाटलं, चला, आईचा वाढदिवस उशिरा का होईना, कुणाला तरी आठवला. कसलं काय! फुलं तुझी होती. ओटर्सरोडेला आता चौथा थोर माणूस मिळणार आहे, आणि तो तू आहेस.

आपले पहिले तीन तुला आठवत असतीलच. चर्चचे ऑर्गन बांधणारा, त्याच्या घरात आता बेकरी आहे. गवतांना नावं देत फिरलेला तो शास्त्रज्ञ, त्याच्या घरात विम्याचं ऑफिस. आणि सेनापती. त्याच्या घरावरची पाटी राजवट बदलली की काढतात आणि पुढची आली की लावतात. सध्या लावलेली आहे, पण तिच्यावर चढलेला वेल मुद्दाम छाटत नाहीत. तिघंही इथे जन्मले आणि दुसरीकडे जाऊन मेले. टेट्झनर म्हणाले, "बाई, चिनी मातीचा कारखाना बंद पडला, आता गावाकडे दाखवायला आहे काय? माणसंच पिकतात आपल्याकडे, ती तरी दाखवू." मी म्हटलं, "पिकतात इथे, साहेब, पण कामाला येतात परगावच्या." ते मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

आजवर पाटी मेलेल्या माणसालाच मिळायची. तुझ्यासाठी सभेत तो नियम बदलला. अभिनंदन.

आता कामाचं. ते आपलं घर तुझं 'जन्मघर' करणार आहेत. तळमजला तुझ्या लहानपणी होता तसाच करायचा, लोकांना तिकीट लावून दाखवायचा, आणि तुझ्या साठाव्या वाढदिवशी, ऑक्टोबरात, उद्घाटन. घर नगरपालिकेचं, आपण बाबांच्या वेळेपासून भाडेकरू, म्हणजे मी नाही म्हणून काही होत नाही. आम्हां दोघींना वरच्या दोन खोल्या द्यायचं ठरलंय. स्वयंपाकघर आईने 'पाहुणे नसताना' वापरावं म्हणे.

एकहार्ट, आईला दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, हे मी तुला दोन नाताळांपूर्वी कळवलं होतं. उजेड आणि अंधार एवढंच समजतं तिला. पण त्या स्वयंपाकघरात आली की ती आंधळी नसते. दारातून आत शिरताना डाव्या हाताला चूल, तिच्यावर पळ्या, उजवीकडे खिडकी, खिडकीखाली बटाट्यांची पेटी. बोटं फिरवत ती सूप करते, कॉफी करते, मला ओरडते की पळी जागेवर का नाही. त्या चार भिंतींच्या बाहेर काढलीस तर ती एक थरथरणारी म्हातारी आहे. आत असली की माझी आई आहे.

तेव्हा एवढंच कर. टेट्झनरांना लिही की आई आहे तोवर त्या खोलीला हात लावू नका. तिचं वय बघता त्यांना फार थांबावं लागणार नाही. हे लिहिताना मला लाज वाटली, पण त्यांना हीच भाषा कळते. माझ्या शब्दाला इथे किंमत नाही. तुझ्या एका ओळीला आहे.

तुझी बहीण,
गेर्लिंड


ओटर्सरोडे, २७ एप्रिल १९९७

एकहार्ट,

उत्तर नाही. बरं. कामात असशील.

गोष्ट मला वाटली होती त्यापेक्षा वाईट आहे. नकाशा दाखवला त्यांनी. तो मोजपट्टीवालीने आपलं घर मोजून काढलेला नाही, तुझ्या चित्रावरून काढलाय.

कुठल्या चित्रावरून, ते तुला सांगायला नको. 'आईचं स्वयंपाकघर'. पळून गेल्यावर सात वर्षांनी पश्चिम जर्मनीत बसून आठवणीतून काढलंस, आणि ज्याने तुझं नाव झालं ते. स्टेशनवर त्याची कार्डं मिळतात. नगरपालिकेच्या जिन्यात माणसाएवढं मोठं करून लावलंय. मी काल त्याच्यासमोर उभी राहिले आणि कपाळावर हात मारला.

ते चित्र उलटं आहे, एकहार्ट! तांब्याच्या पत्र्यावर तू सुईने सरळ कोरलंस आणि कागदावर दाबलंस. छाप उलटा उमटला, रबरी शिक्क्याचा उमटतो तसा. डावीकडची चूल उजवीकडे गेली, उजवीकडची खिडकी डावीकडे आली. आई डाव्या हाताने सूप ढवळतेय. लग्नाची अंगठीसुद्धा डाव्या हातात आहे. आपल्याकडे कुठली बाई डाव्या हातात लग्नाची अंगठी घालते? आई डावरी कधी झाली?

हे सगळं मी टेट्झनरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे चित्रातल्या भिंतीवरच्या घड्याळावर बोट ठेवलं. "बाई, आकडे बघा. सरळ आहेत. चित्र उलटं असतं तर आकडेही उलटे असते की नाही?"

झालं. आकडे सरळच आहेत. म्हणजे ते तू पत्र्यावर मुद्दाम उलटे कोरलेस, उमटताना सरळ यावेत म्हणून. म्हणजे तुला माहीत होतं. घड्याळापुरतं तू सांभाळलंस आणि बाकी घर जाऊ दिलंस.

मी म्हटलं, "अहो, पण खोली तर समोर आहे! खिडकी उजवीकडे आहे, येऊन बघा की!" तर म्हणतात, साठ साली नळ आले तेव्हा सगळी घरं दुरुस्त झाली, त्यात फिरवाफिरव झाली असणार. साठ साली त्या घरात एक नळ आला, आणि एक गळका पाइप. दुसरं काही नाही. पण नगरपालिकेचे जुने नकाशे सापडत नाहीत, आणि शेजारची रोस्विथा, जी लहानपणी रोज आपल्या स्वयंपाकघरात जाम चाटत बसायची, ती म्हणते, "मला तर खिडकी डावीकडेच आठवते गं." आठवणारच. कार्ड तिच्या फ्रिजवर लावलंय.

शेवटी ते आईला विचारायला आले. मी मनात म्हटलं, आता सुटलो. आईने सगळं ऐकून घेतलं, खुर्चीत ताठ बसली, आणि म्हणाली, "एकहार्टने काढलंय ना? मग तसंच असेल."

मला हसावं की रडावं कळेना. स्वतःच्या खिडकीला पाठ लावून बसली होती ती.

आता नकाशाप्रमाणे उजवीकडची खिडकी बुजवायची आणि डावीकडची भिंत फोडायची. डाव्या भिंतीमागे काय आहे, आठवतं का तुला? माझी खोली. मी सहा वर्षांची असल्यापासून तिथे झोपते. ती खोली बाबांनी मागाहून जोडलेली, म्हणून ती 'मूळ घरातली नाही' आणि पाडायला मोकळी. माझ्या उशीच्या जागी तू खिडकी काढलीस. खोलीचं मला काही नाही, खरंच नाही. पण आईची चूल हलवू नका.

एक ओळ. 'माझं चित्र छापताना उलटं झालं आहे.' तुझ्या हस्ताक्षरात. एवढंच मागतेय.

गेर्लिंड


ओटर्सरोडे, २५ जून १९९७

एकहार्ट,

तुझी पाटी लागली. पितळेची, चकचकीत. 'या घरात जन्मले.' बरोबर आहे. मीही या घरात जन्मले, तेही त्याच पलंगावर, पण मी कपांना निळी रेघ ओढली. मी शाळेत शिकवत होते हे तरी तुझ्या लक्षात आहे का? तू लाइपझिगला कागद आणायला म्हणून गेलास आणि थेट पलीकडे पोचलास, त्यानंतर जिचा भाऊ पळालाय अशी शिक्षिका पोरांना नको, असं ठरलं. मग कारखाना. चौतीस वर्षं निळी रेघ. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, आताही बोलणार नव्हते. पाटी पुसताना सुचलं.

काल योहानिसचा सण होता, थोरांच्या घरी हार न्यायचा दिवस. पहिल्यांदाच शाळेची पोरं हार घेऊन आपल्याही दाराशी आली. आपण जायचो ना ऑर्गनवाल्याच्या दारी, तसंच. दार वाजवून ओरडायचं, "मास्टर घरी आहेत का?" आणि घरच्याने म्हणायचं, "आत्ताच बाहेर पडलेत, येतीलच!" मग चेरीचा केक. विम्याच्या ऑफिसातला तो टाय लावलेला माणूस फार कंटाळून म्हणतो, त्याला पोरं परत परत विचारायला लावतात.

मी उत्तर देणार होते. पण आई माझ्या आधी दाराशी पोचली. सकाळपासून निळा पोशाख घालून बसली होती. पोरं ओरडली, "मास्टर एकहार्ट घरी आहेत का?" आणि आई, जिचा आवाज हल्ली स्वयंपाकघराबाहेर ऐकू येत नाही, ती खणखणीत म्हणाली, "आत्ताच बाहेर पडलाय! येईलच!"

काय चेहरा झाला होता तिचा! एकोणचाळीस वर्षांत मी तो चेहरा बघितला नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टेट्झनरांनी डोळे पुसले.

पोरं गेली. आई आत आली आणि मला म्हणाली, "त्याची पण थाळी मांड."

मी म्हटलं, "आई, ते नुसतं म्हणायचं असतं."

"मला शिकवतेस? मी लहानपणी स्वतः विचारत फिरलेय." आणि मग दाराकडे मान वळवून, "पण गेला कुठे हा? जेवण गार होतंय."

एकहार्ट, कालपर्यंत तिचे डोळे गेले होते, डोकं शाबूत होतं. आज सकाळी तिने दोनदा विचारलं, तू परत आलास का म्हणून. मी दोनदा 'अजून नाही' म्हटलं. तिसऱ्यांदा मी दुकानात निघून गेले.

जुलैत काम सुरू होणार आहे. तू लिहिणार आहेस का? नसशील तर तसं तरी लिही. मी वाट बघणं बंद करीन. दोघींनी बघायची गरज नाही.

गेर्लिंड


ओटर्सरोडे, २१ ऑगस्ट १९९७

आईचा हात भाजला.

सांगते नीट. माझी खोली पाडली. खिडकी बुजवली, नवीन फोडली. चूल उचलून उजव्या भिंतीला बसवली. तेवढे दिवस आई वरच्या खोलीत, जिन्याला दोरी बांधून ठेवली होती मी, तिने उतरू नये म्हणून. कामगार चांगले होते बिचारे. त्यांतला एकजण मला म्हणाला, "बाई, हे घर आधी असंच असतं तर धुराडं इकडे का बांधलं असतं कुणी?" मी म्हटलं, जाऊन टेट्झनरांना सांगा. तो गेला. त्याला सांगितलं गेलं की त्याने विटा लावाव्यात.

मंगळवारी हलवलेली चूल धूर नीट ओढते की नाही बघायला पेटवली. मी अंगणात धूर बघायला गेले, आणि आई दोरी सोडून खाली आली. दोरी सोडायला तिला डोळे लागत नाहीत. स्वयंपाकघरात शिरली, उजवीकडे वळली. खिडकीकडे, एकहार्ट. रोज सकाळी पहिली खिडकी उघडते ती, लग्न होऊन आली तेव्हापासून. दोन्ही तळवे पुढे करून, खिडकीची कडी शोधत, ती तापलेल्या लोखंडावर टेकली.

डावा हात वाचला. उजव्याची बोटं गेल्यासारखीच आहेत. मी धावत आले तर ती भिंतीला चिकटून उभी होती आणि कामगारांची माफी मागत होती. "माफ करा हो, मी चुकून दुसऱ्यांच्या घरात आले."

ज्या हाताने ती ढवळायची, तोच हात आहे हा.

मी आता रागावलेली नाही. राग यायलाही अंगात काही लागतं. मला फक्त कळत नाही, एका ओळीचं तुला एवढं जड काय झालं.


ओटर्सरोडे, १४ सप्टेंबर १९९७

एकहार्ट,

आईला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, धूळ बसेपर्यंत. टेट्झनर म्हणाले, उद्घाटनापर्यंत. आश्रमातली आन्नेग्रेट नावाची परिचारिका, ती एकटीच खरं बोलली: "इथून कुणी घरी नेत नाही हो, बाई. तुम्ही तिचा आवडता पोशाख आणून ठेवा."

सामान न्यायला मी नगरपालिकेत गाडी मागायला गेले, आणि टेट्झनर आनंदाने उड्या मारायच्या बेतात होते. तुझं पत्र आलं होतं. त्यांना. मला वाचायलाही दिलं. कागद सुंदर आहे. तू येतोयस. तुला फार गहिवरून आलंय. आणि तुझी एक विनंती आहे.

'विनंती' हा शब्द वाचून मी खुर्ची ओढून बसले, खोटं नाही सांगत. वाटलं, उशिरा का होईना.

विनंती पडद्यांबद्दल होती. पांढऱ्या जाळीचे हवेत, कारण तुझ्या आठवणीत उजेड जाळीतून आईच्या हातांवर पडायचा.

पडद्यांसाठी तुला शब्द सापडले.

मी टेट्झनरांना कागद परत दिला आणि म्हटलं, जाळी रोस्विथाच्या मुलीकडे मिळेल. गाडी मिळाली.

गे.


ओटर्सरोडे, २० ऑक्टोबर १९९७

एकहार्ट,

तू परवा चार तास गावात होतास आणि त्यातली पाच मिनिटं माझ्याशी बोललास. उरलेलं लिहून सांगते.

आईला आणू नका, असं मी म्हटलं होतं. पण चित्रकाराची आई नसेल तर फोटो कसला, म्हणून तिला चाकाच्या खुर्चीतून आणलंच. बँड वाजला. तू कोटात छान दिसत होतास, तेही सांगायला हवं. मग सगळे स्वयंपाकघरात. जाळीतून उजेड येत होता, अगदी तुला हवा तसा, डावीकडून. लोक श्वास रोखून बघत होते. "हुबेहूब!" म्हणाले. हुबेहूब होतंच. चित्रासारखं.

आईने चांगल्या हाताने टेबल चाचपलं, मग पडद्याची कड. मग टेट्झनरांच्या दिशेने मान वळवून अदबीने म्हणाली, "फार छान ठेवलंय हो तुम्ही घर. बाई टापटिपीची दिसतेय." सगळे हसले, त्यांना वाटलं म्हातारी थट्टेखोर आहे. आणि मग हळूच माझ्या बाहीला ओढून: "आता निघू या ना आपण? घरी जाऊ या."

तेव्हा तू पुढे आलास. गुडघ्यावर बसलास. तिचा हात आपल्या दाढीवर ठेवलास. मी तुला शाबासकी देते, ते तू फोटोवाल्यांसाठी केलं नाहीस. मी तुझा चेहरा बघत होते. "आई, मी एकहार्ट."

आणि ती तुला म्हणाली, "एकहार्ट आत्ताच बाहेर पडलाय. येईलच. बसा ना तुम्ही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय हजरजबाबी म्हातारी, योहानिसचं उत्तर दिलं! टेट्झनर तर म्हणाले की हे वाक्य ते पत्रकात छापणार. त्या सगळ्या गर्दीत ती थट्टा करत नाहीये हे कळणारे दोघंच होतो, तू आणि मी. तू उठलास ते भिंतीला धरून.

मग अंगणात मी तुला विचारलं. ओरडले नाही. "माझी पत्रं मिळाली?" तू हो म्हणालास. "चित्र उलटं आहे हे तुला ठाऊक आहे?" तू हो म्हणालास. मग का, एवढंच विचारलं मी.

तू म्हणालास, "गेर्ली, तुझं पत्र आलं तेव्हा मी डोळे मिटून बसलो. खिडकी खरी कुठे होती ते आठवायला. आणि मला आठवेना. इतकी वर्षं लोक ते चित्र मला दाखवतायत, मला आता चित्रच आठवतं. तुझं म्हणणं बरोबर असणार हे हाताला कळत होतं, पण डोळ्यांसमोर येत नव्हतं. मग मी काय लिहिणार होतो? माझ्या घराचं मला काही आठवत नाही, असं लिहू?"

हो, एकहार्ट. असंच लिहायचं होतं. आईचा हात वाचला असता.

हे तेव्हा सांगायचं राहिलं, कारण तू रडत होतास आणि तुझी गाडी आली. तुला रडताना बघून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

जाताना तू विचारलंस की माझ्यासाठी काही करता येईल का. तेव्हा सुचलं नाही. आता सुचतंय: नाही.

गेर्लिंड


ओटर्सरोडे, २५ नोव्हेंबर १९९७

एकहार्ट,

तार तुला मिळाली असेल. तू अंत्यविधीला येणार नाहीस, हे मी धरूनच चालले होते, त्यामुळे त्याबद्दल काही म्हणत नाही. वारं फार होतं. चर्चमध्ये आलेल्यांपैकी चौथा हिस्सा लोक तुझ्या नावाने आले होते. वर्तमानपत्राने मथळा दिला, 'चित्रकार हाबेडांक यांना मातृशोक.' आईचं नाव तिसऱ्या ओळीत होतं, तेही चुकीचं.

घर आता बघायला लोक येतात. रविवारी येतात, इतर दिवशी कुत्रं फिरकत नाही. मला टेट्झनरांनी वरच्या खोल्यांबरोबर खालचं काम देऊ केलंय: दार उघडायचं, आणि आलेल्यांना तुझ्या लहानपणाच्या गोष्टी सांगायच्या. मी हो म्हटलं. दुसरीकडे जाऊ कुठे? काल एका बाईने विचारलं, "भावंडं होती का त्यांना?" मी म्हटलं, एक बहीण होती. तिने पुढे काही विचारलं नाही.

हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. शेवटच्या दिवसाचं तुला कुणी सांगणार नाही, म्हणून लिहितेय. ते तुझ्यावर रागावूनही नाही. कुणाला तरी सांगायला हवं, आणि आईला ओळखणारं जगात दुसरं कुणी उरलेलं नाही.

उद्घाटनानंतर ती जेवेना. आन्नेग्रेट चमच्याने भरवायची, ती तोंड फिरवायची. दुखतंय का विचारलं तर नाही. तू हवायस का, असंही विचारलं मी. खरं सांगायचं तर आयुष्यभर मी हेच धरून चालले की ती तुझ्यासाठी जगतेय. दाराचा आवाज झाला की मान वर करायची, नाताळला तू पाठवलेलं कॉफीचं पुडकं दोन दिवस न उघडता उशाशी ठेवायची. मी तिला न्हाऊ घालायचे, नखं कापायचे, आणि ती तुझं बोलायची. मला त्याची सवय झाली होती. मी होतेच, म्हणून माझ्याबद्दल बोलायचं काही कारण नव्हतं.

तर त्या दुपारी मी तिच्या पलंगाशी बसले होते. ती एकदम उठून बसू लागली, पाय खाली सोडले, पट्टी बांधलेल्या हाताने चपला शोधू लागली. मी तिला धरलं. तिने माझा हात चाचपला, ओळख पटली नाही, आणि परक्या माणसाशी बोलतात तशी गयावया करत म्हणाली, "सिस्टर, मला घरी सोडा हो. तुमचे उपकार होतील."

मी म्हटलं, "कशाला जायचंय घरी? एकहार्ट येणार आहे का?"

"तो? त्याचं काय मेलं, त्याला सगळं जग आहे." तिने हात झटकला, माशी हाकलावी तसा. "माझी मुलगी घरी एकटी आहे. गेर्लिंड. तिला माझ्याशिवाय कुणी नाही हो. मी इथे बसलेय, आणि ती तिकडे वाट बघत असेल."

मीच गेर्लिंड, असं सांगावं तर ती मानणार नव्हती, आणि घरी न्यावं तर घर नव्हतं. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"जेवली असेल का हो ती?"

मी म्हटलं, "जेवली, आजी. पोटभर जेवली. आता झोपलीय."

"दार लावून घेतलंय ना?"

"घेतलंय."

मग ती आडवी झाली.

गेर्लिंड